सोलापूरला, जिंटी घेऊन

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. गर्दी अशी, की आरक्षण असूनही माझ्या जागेवर तिघं बसलेले. मांडीवर बुटाचा खोका, आणि कुणाचा तरी कोपर सारखा त्यावर येत होता. मी दौंडपर्यंत दोन्ही हातांनी खोका झाकून बसलो.

खोक्यात आमचं जुनं खेळण्यातलं रेल्वे इंजिन होतं. ट्राय-अँग कंपनीचं, इंग्लंडात मार्गेटच्या कारखान्यात बनलेलं काळं 'जिंटी'. सहा चाकं, साडेसोळा मिलिमीटरचे रूळ, बारा व्होल्टवर चालणारं. आईचे मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी साठच्या दशकात आणलं. दिवाळीत फराळाची ताटं उचलली की घरात रूळ मांडले जायचे.

गेल्या वर्षी पुण्यात एकाकडे नुसते कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, बदलायला दिलं. त्याने मोटर पूर्ण खोलली आणि चुंबकाचा ठोकळासुद्धा काढून पुसून ठेवला. या जुन्या एक्स-झीरो-फोर मोटरमध्ये हा ठोकळा लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये कसलेला असतो. तो बाहेर काढला की त्याचा जोर उतरतो, आणि परत बसवला तरी भरून येत नाही. इंजिन घरी आलं ते डबा ओढेना, आणि दोन मिनिटांत हात लावू नये इतकं तापायला लागलं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "खेळणंच आहे ना, नवीन घ्या." तो राग अजून गेलेला नाही.

कुर्डुवाडी आली तेव्हा अंधार होता. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७ साली इथूनच सुरू झाली. माझे आजोबा इथल्या नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. खिडकीतून काही दिसलं नाही, तरी गाडी सुटेपर्यंत मी बाहेर बघत होतो.

स्टेशनजवळच्या लॉजबद्दल एवढंच सांगतो, की पंखा रात्रभर खडखडत होता.

सकाळी अशोक चौकाच्या बाजूला गेलो. आजूबाजूच्या गल्ल्यांतून पॉवरलूमचा खटखट आवाज. जिथे माग तिथे मोटरी, आणि मोटरी तिथे रिवाइंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटरींत नव्याने तार गुंडाळून देणारी दुकानं. एका मित्राने सांगितलेलं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. वार्निशचा वास, खिळ्यांना लटकलेल्या तांब्याच्या तारा, आणि पत्र्यावर रंगवलेलं, 'मॅग्नेट चार्ज करून मिळेल'. लुना, राजदूतची मॅग्नेटं इथं यायची.

"कुठनं आलाव?" अण्णांनी विचारलं. वय सत्तरीच्या पुढे असावं. मी खोका उघडला. त्यांनी हात पायजम्याला पुसले, मग इंजिन उचललं. पालथं करून चाकं बोटाने फिरवली, आणि लगेच चिमट्याचं टोक स्प्रिंगवर ठेवलं. "ह्याची स्लीव्ह कुठाय?"

मला ते आजवर दिसलंच नव्हतं. दोन्ही ब्रश एकच स्प्रिंग दाबून धरते, म्हणून तिच्या एका पायावर इन्शुलेशनची नळी हवी, नाहीतर शॉर्ट. ती चिरून अर्धीच उरली होती. अण्णांनी रिवाइंडिंगच्या स्लीव्हचा तांदळाएवढा तुकडा कापून चढवला. मिक्सरचा ब्रश करवतीने चिरला आणि पॉलिश पेपरवर घासत घासत मापाला आणला. दर चार घासण्यांनी बसवून बघत होते. कॉम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश टेकतात त्या फिरत्या तांब्याच्या भागाच्या, फटींतली काजळी काडीने काढली. मी मध्ये बोललो नाही.

चुंबकाची वेळ आली तेव्हा स्क्रूला हातही लावला नाही. "काढायचं नाय. हाय तसंच भरायचं." आधी होकायंत्र जवळ नेऊन उत्तर-दक्षिण बघितलं आणि खडूने खूण केली. उलटं भरलं असतं तर इंजिन पुढेच्या जागी मागे पळालं असतं. मग जाड तारेच्या दोन कॉइलींमध्ये अख्खी मोटर धरली आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांची वायर क्षणभर टेकवली. ठिणगी पडली. परत एकदा. बस्स.

सोबत आणलेला एक सरळ रूळ काउंटरवर ठेवला. आधी मीटर सव्वा अँपिअर दाखवायचा, आता अर्ध्याच्या आत. जिंटी सावकाश निघाली, टोकाला अण्णांनी तळहात लावला, मी वायर फिरवली, परत आली. असं सात-आठ वेळा. शेजारच्या दुकानातली दोन पोरंही येऊन उभी राहिली. माझा गळा दाटून आला, आणि अण्णा मीटरकडेच बघत होते.

अडीचशे रुपये झाले. बिलावर लिहिलं, 'इंजिन, १ नग'. उरलेल्या ब्रशातून दोन जादा कापून कागदात बांधून दिले.

सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, नवी पेठेतून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, दिवस संपला. मागचा कपलिंगचा हूक मात्र तुटलेलाच आहे. पितळेची पट्टी आणलीत तर करून देतो म्हणालेत अण्णा. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास परत जाईन, या वेळी डबेही घेऊन.