भांडणाचे पहिले साल

काळ्या समुद्रातल्या क्रिमिया द्वीपकल्पाविषयी दोन माणसे बोलू लागली की चौथ्या-पाचव्या वाक्याला १९५४ साल येते. ते आणणारा माणूस सांगतो, की त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मॉस्कोतून निघालेल्या एका फर्मानाने क्रिमिया रशियन प्रजासत्ताकाकडून काढून युक्रेनियन प्रजासत्ताकाच्या पदरात टाकला गेला, तिथे राहणाऱ्या कोणालाही कोणी काही विचारले नाही, तेव्हा एका कागदाने दिलेले रशियाने २०१४ मध्ये दुसऱ्या कागदाने परत घेतले तर एवढा गहजब कशाला? समोरच्याकडे १९९४ तयारच असते. त्या वर्षीच्या डिसेंबरात बुडापेस्टला रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी युक्रेनच्या तेव्हाच्या सीमांचा आदर करण्याची लेखी ग्वाही दिली आणि त्या बदल्यात युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडली. मग सही करणाऱ्याला १९५४ ची आठवण वीस वर्षांनीच कशी झाली? एवढ्यात तिसरा कोणी तरी १७८३ घेऊन येतो, कारण त्या साली सम्राज्ञी कॅथरिनने क्रिमिया रशियाला जोडला होता. आणि त्याला गप्प करायला चौथा १९४४ काढतो, कारण त्या वर्षीच्या मे महिन्यात स्टालिनच्या राजवटीने जवळपास दोन लाख क्रिमियन तातारांना मालगाड्यांत कोंबून मुख्यतः मध्य आशियात पाठवून दिले होते. चौघांचीही साले खरी आहेत. कोणीही खोटे बोललेले नाही, आणि तरीही तासाभराने चौघेही जिथे होते तिथेच असतात. फक्त आवाज चढलेले असतात.

दूरदेशीच्या राजकारणावरचे वाद मला मनापासून आवडतात. ते ऐकायला आवडतातच, पण संधी मिळाल्यास त्यांत उडी घ्यायलाही आवडते, आणि समोरासमोरच्या वादापेक्षा अनोळखी माणसांशी लेखी घातलेला वाद अधिक रंगतो, कारण तिथे भीड नावाची गोष्ट मध्ये येत नाही. ज्या गावाचे नाव आठवड्यापूर्वी कानावरूनही गेलेले नव्हते, त्याच्या पूर्वेकडची टेकडी कोणाच्या ताब्यात असायला हवी, हे माणसे ज्या अधिकाराने सांगतात, त्याचे मला कौतुक वाटत आले आहे. या वादांवर सर्रास घेतला जाणारा आक्षेप असा, की लोक माहितीशिवाय बोलतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ही माणसे पुष्कळ वाचून येतात, त्यांना तहांच्या तारखा पाठ असतात, ठरावांचे क्रमांक ठाऊक असतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. कारण हा वाद काय घडले याचा फारसा नसतोच, मोजायला सुरुवात कुठून करायची याचा असतो.

दोन भावंडांची मारामारी सोडवायला गेलेल्या मोठ्या माणसाला 'याने आधी मारले' आणि 'पण त्याच्या आधी याने चिडवले' एवढेच ऐकायला मिळते, आणि त्यातले काहीच खोटे नसते. राष्ट्रांच्या बाबतीत फरक एवढाच, की तिथे 'त्याच्या आधी'ला तळ नाही. इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्याविषयी बोलताना एकाची गोष्ट ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी सुरू होते, दुसऱ्याची १९४८ मध्ये घरदार सोडावे लागलेल्या कुटुंबांपासून, तिसऱ्याची १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धापासून, आणि ज्याला आणखी मागे जायचे असते त्याच्यासाठी ज्यूंना तिथे मायभूमीचे आश्वासन देणारे ब्रिटिश मंत्री बाल्फोर यांचे १९१७ चे पत्र आहे, आणि त्याच्याही मागे जायला पवित्र ग्रंथ आहेत. हे सगळे एकाच भूमीबद्दल बोलत असतात, पण एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. ज्या सालापासून आपण मोजू लागतो, त्या सालातला हल्ला हा हल्ला ठरतो आणि त्यानंतरचा प्रत्येक हल्ला हे प्रत्युत्तर ठरते. म्हणून सालाची निवड दिसते तितकी निरागस नसते. माझा संशय असा आहे, की आपण आधी बाजू घेतो आणि मग तिच्या मापाचे साल शोधतो. याची परीक्षा सोपी आहे: सर्बियापासून वेगळ्या झालेल्या कोसोव्होच्या प्रश्नात सर्ब आणि तुर्क यांची १३८९ ची लढाई निर्णायक मानणाऱ्या माणसाला दुसऱ्या एखाद्या खंडातल्या सहाशे वर्षांपूर्वीच्या लढाईबद्दल विचारून पाहावे. तिथे तो हमखास म्हणतो, की गेलेल्या गोष्टी उगाळण्यात काय अर्थ आहे.

कोसोव्होचा विषय निघालाच आहे, तर वादाची दुसरी चाल तिथेच पाहावी. मागे जाऊन जाऊन दम लागला की माणसे आडवी जातात, म्हणजे साल बदलण्याऐवजी देशच बदलतात आणि विचारतात, की तेव्हा तुम्ही कुठे होतात? ही सवय आपल्यासारख्या रिकामटेकड्यांचीच आहे असा माझा समज असता, तर १८ मार्च २०१४ चे पुतिन यांचे भाषण वाचून तो दूर झाला असता. क्रिमिया रशियाला जोडून घेताना त्यांनी कोसोव्होचाच दाखला दिला. १९९९ मध्ये नाटोने सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय सर्बियाविरुद्ध ७८ दिवस बाँबफेक केली, २००८ मध्ये कोसोव्होने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, आणि २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दहा विरुद्ध चार मतांनी असा अभिप्राय दिला, की त्या जाहीरनाम्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झालेला नाही. मग तोच न्याय क्रिमियाला का नको, असा त्यांचा सवाल होता. गंमत अशी, की कोसोव्होचे स्वातंत्र्य बेकायदा आहे असे इतकी वर्षे कंठशोष करून सांगणारा देश रशियाच होता, आणि कोसोव्हो हे अगदी वेगळे प्रकरण आहे, त्याचा पायंडा म्हणून वापर करता येणार नाही, असे २००८ मध्ये बजावणाऱ्या पाश्चात्त्य राजधान्यांना तोच पायंडा सहा वर्षांनी तोंडावर फेकलेला पाहावा लागला. (न्यायालयाने कोसोव्हो हा स्वतंत्र देश आहे की नाही, यावर एक अक्षरही काढलेले नव्हते, पण वादात उद्धृत होणारे निकाल पूर्ण वाचण्याची प्रथा परराष्ट्र मंत्रालयांतही दिसत नाही.) या सगळ्या गोंधळात एका देशाची मला मौज वाटते. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावे अशा ठरावावर मतदान झाले, १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ राहिले, तेव्हा रशियाचा जुना मित्र सर्बिया बाजूने मत देणाऱ्यांत होता. ज्याचा स्वतःचा प्रांत वेगळा झाला आहे, त्याला दुसऱ्याच्या सीमेचे पावित्र्य पटकन दिसते.

वकिलांना हा सालाचा पेच फार पूर्वीच कळलेला आहे, आणि त्यांनी त्याला 'निर्णायक तारीख' असे रुक्ष नाव देऊन ठेवले आहे: अमुक दिवशी वाद उभा राहिला, त्यानंतर आपली बाजू बळकट करण्यासाठी तुम्ही केलेली धावपळ हिशेबात धरली जाणार नाही. पण पुढचे दार असे बंद केले तरी मागचे उघडेच राहते. जर्सी बेट आणि फ्रान्सचा किनारा यांच्यामध्ये समुद्रात मँकिये आणि एक्रेओ नावाचे खडकांचे दोन पुंजके आहेत, आणि भरतीला त्यांतला बहुतेक भाग पाण्याखाली जातो. त्यांच्या मालकीसाठी ब्रिटन आणि फ्रान्स आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, तेव्हा ब्रिटनने सुरुवात केली १०६६ पासून, नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले तिथून. फ्रान्सने १२०४ पुढे केले, कारण त्या सुमारास इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली. मग मध्ययुगातले तह एकामागून एक बाहेर आले. न्यायाधीशांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि १९५३ च्या निकालात म्हटले, की मध्ययुगातल्या घटनांवरून काढलेल्या अनुमानांना निर्णायक महत्त्व नाही, प्रत्यक्ष ताब्याचा पुरावा काय आहे ते बोला. तो पुरावा फारच साधा होता. एक्रेओवर एखादे प्रेत सापडले की त्याची मृत्युचौकशी जर्सीचे अधिकारी करीत. तिथल्या झोपडीवजा घरांची पट्टी जर्सीत भरली जाई. १८८४ मध्ये तिथे जर्सीने जकातीची चौकी उघडली होती. न्यायालयाने एकमताने दोन्ही पुंजके ब्रिटनला दिले. आठशे वर्षांच्या राजे-राजवाड्यांना मागे टाकून पट्टीच्या नोंदी आणि बुडालेल्या माणसाचा पंचनामा जिंकला, हे वाचून मला जे समाधान वाटले ते कोणत्याही तडाखेबंद युक्तिवादाने आजवर दिलेले नाही.

सालावर अडून बसण्याचा सर्वांत निखळ नमुना मात्र वाळवंटात सापडतो. इजिप्त आणि सुदान यांच्यामधली रेषा १८९९ मध्ये ब्रिटिशांच्या अमलात बाविसाव्या अक्षांशावर सरळ ओढली गेली आणि १९०२ मध्ये, टोळ्यांच्या चराईच्या सोयीसाठी, प्रशासनापुरती ती वाकवण्यात आली. त्या वाकवण्यात समुद्रकाठचा हलायब नावाचा मोठा त्रिकोण सुदानकडे गेला आणि बीर ताविल नावाचा सुमारे २,०६० चौरस किलोमीटरचा ओसाड तुकडा इजिप्तकडे आला. हलायब दोघांनाही हवा आहे. म्हणून इजिप्त १८९९ सोडत नाही आणि सुदान १९०२ सोडत नाही. आणि १८९९ मानले तर बीर ताविल सुदानचा ठरतो, १९०२ मानले तर इजिप्तचा, त्यामुळे त्यावर हक्क सांगणे म्हणजे आपल्या लाडक्या सालावर पाणी सोडणे होय. परिणामी दोन हजार चौरस किलोमीटर जमीन अशी पडून आहे, की जी घेण्याचा आग्रह दोन्ही शेजारी एकमेकांना करतात.

मग साल निवडायचे तरी कसे? मला स्वतःला बराच काळ असे वाटत असे, की मागे जाण्याचा उद्योगच सोडावा आणि आज तिथे राहणाऱ्यांना विचारावे. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर २०१३ च्या मार्चमध्ये तसे विचारले गेले. ब्रिटनच्या अखत्यारीत राहायचे का, या प्रश्नावर १,५१३ जणांनी होय म्हटले आणि तिघांनी नाही. (ते तिघे कोण असावेत, आणि एवढ्याशा वस्तीत त्यांनी ते कसे गुप्त ठेवले असेल, यावर मी बेटांच्या सार्वभौमत्वापेक्षा जास्त विचार केला आहे.) पण अर्जेंटिना यावर म्हणतो, की १८३३ मध्ये आमची माणसे हुसकावून तुम्ही आपली आणून बसवलीत, आता त्यांनाच विचारून काय उपयोग? फॉकलंडपुरता हा आक्षेप मला दुबळा वाटतो, कारण पावणेदोनशेहून अधिक वर्षे आणि कित्येक पिढ्या तिथे गेल्या आहेत, आणि १९८२ च्या ७४ दिवसांच्या युद्धात नऊशेवर माणसे गेली तीही याच एका प्रश्नापायी. पण क्रिमियात हाच आक्षेप भारी ठरतो. १९४४ मध्ये ज्यांना गाड्यांत भरून पाठवले, त्यांच्यातल्या बहुतेकांना परतायला चार दशकांहून अधिक काळ लागला. त्यांच्यामागे उरलेल्यांची आणि नव्याने आणून वसवलेल्यांची मते मोजणे म्हणजे हाकलणाऱ्याला बक्षीस देणे आहे. 'आज राहणाऱ्यांना विचारा' हा नियम सरसकट केला, तर पुढच्या प्रत्येक विजेत्याला आधी काय करावे हे ठाऊक होते. तेव्हा हा नियम मी जवळ बाळगतो, पण तो उच्चारण्यापूर्वी तिथून कोणाला कधी घालवले, हे विचारून घेतो.

या वादात मला सर्वांत प्रौढ वाटलेली भूमिका फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐकायला मिळाली, आणि ती कोणा महासत्तेची नव्हती. रशियाने पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली त्या रात्री सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, त्या लंडन, पॅरिस, लिस्बन इथे आखल्या गेल्या आणि त्यांनी आमची माणसे दोन्हीकडे तोडली. पण एकाच वंशाचे, एकाच धर्माचे देश घडवायला निघालो असतो तर आम्ही अजूनही रक्तच सांडत बसलो असतो. ते ज्या निर्णयाबद्दल बोलत होते तो १९६४ चा. त्या जुलैत कैरोला आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी ठरवले, की स्वातंत्र्य मिळाले त्या दिवशी जी सीमा होती ती मान्य करायची. ती न्याय्य आहे असे कोणीही म्हटले नाही. कुठून तरी मोजायला सुरुवात करावी लागते, म्हणून त्यांनी आपापल्या जन्माची तारीख धरली.

अर्थात त्यालाही मोरोक्को आणि सोमालिया यांनी मान हलवली नाही, आणि दोघेही आपल्या सीमांपलीकडे पुढे लढले. सोमालियाच्या बाबतीत तर या निर्णयाने मजेदार सूड उगवला. सोमालीलँड हा ब्रिटिशांच्या ताब्यातला भाग २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि १ जुलैला इटलीच्या कारभाराखालच्या दक्षिण भागाशी एकरूप झाला. १९९१ मध्ये त्याने पुन्हा वेगळे झाल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून त्याचा युक्तिवाद असा आहे, की आम्ही नवी रेषा मागतच नाही, स्वातंत्र्याच्या दिवशीची जुनीच मागतो, कैरोला ठरली तशी. म्हणजे ज्या देशाने कैरोचा नियम धुडकावला, त्याच्याच पोटातून त्या नियमाचा सर्वांत निष्ठावान अनुयायी निघाला, आणि त्याची सगळी मदार १९६० च्या उन्हाळ्यातल्या पाच दिवसांवर आहे. या पाच दिवसांवरून अलीकडेच दोन गृहस्थ कडाक्याने भांडत होते. दोघांपैकी कोणीही आफ्रिकेत पाऊल ठेवलेले नव्हते. देश ठरायला पाच दिवस पुष्कळ झाले, असे एकाचे ठाम मत होते. आणि मग सहावा दिवस मोजायचा नाही असे कोणी ठरवले, हे दुसरा पुन्हा पुन्हा विचारत होता.