तुम्ही विचारलंत म्हणून: काम मागताना आधीच सांगतोस का?

शिक्षा भोगून बाहेर आलोय आणि सुतारकाम करतो, हे कळलं की लोक जरा घुटमळतात. मग हमखास विचारतात, "काम मागायला जातोस तेव्हा हे आधीच सांगतोस का रे?"

सांगतो. पण दारात पाऊल टाकल्या टाकल्या नाही. अर्जात तसा रकाना असेल तर खरं तेच लिहितो. नसेल तर आधी एखादा सांधा जुळवून दाखवतो, मालकाला तो हातात घेऊन हलवून बघू देतो आणि मजुरीचं बोलणं निघायच्या आत सांगून टाकतो. सुरुवातीलाच सांगितलं तर काम बघायला कुणी थांबत नाही. "कळवतो" म्हणतात आणि टेबलावरचे कागद आवरायला लागतात. कामाला लागल्यावर सांगितलं तर "फसवलंस" म्हणतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

खरं बोललास की झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की उमेदवाराने जुन्या खटल्याची माहिती खरी दिली तरी त्याची पार्श्वभूमी तपासायचा हक्क मालकाला आहेच, नोकरी देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. म्हणजे लपवलं तर नोकरी जाऊ शकते, आणि सांगितलं तर मिळेलच असं नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने वेगळी वाट काढली. ठरावीक काळ सरळ वागून काढला की बऱ्याच शिक्षा संपल्या असं धरतात, आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगाव्या लागत नाहीत. अमेरिकेतल्या हवाई राज्याने १९९८ मध्ये ठरवलं, की मालकाने हा प्रश्न नोकरी देऊ केल्यानंतरच विचारायचा. मला हे जास्त पटतं. लपवायचं काही नाही, फक्त आधी माणसाचं काम बघा.

अर्थात काम मिळालं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा कारखान्यात एक पटाशी सापडेना. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. अगदी ठरवून बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं. भुश्याच्या ढिगाखाली ती सापडली तेव्हा जो तो आपापल्या कामाला लागला. आरोप कुणी केलाच नव्हता, तर माफी तरी कोण मागणार? त्या दिवसापासून संध्याकाळी निघताना माझी हत्यारं मी मुद्दाम सगळ्यांसमोर मांडून मोजतो. कुणी सांगितलेलं नाही. सवय लागलीय, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडत नाही.

यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण केलं काय होतंस?" काम देणाऱ्याला ते सांगतो, कारण त्याचा धंदा पणाला लागलेला असतो. बाकीच्यांना नाही सांगत.