ओले जनरल रजिस्टर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतला महापूर ओसरल्यावर आठ दिवसांची रजा काढून मी गावभागाजवळच्या एका शाळेत मदतीला गेले. गोष्टींची पुस्तके आणि रंगपेट्या मी सोबत नेल्या होत्या, आणि मुलांशी काय बोलायचे तेही वाटेत ठरवून ठेवले होते. मुख्याध्यापिका बाईंनी पिशवी ठेवून घेतली आणि विचारले, "मुलं आली की हे बघू. तुमचं अक्षर कसं आहे?"

वर्गांत घोटाभर गाळ होता, बाक फुगून उकलले होते आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती कुजली होती. गाळ उपसायला मंडळांची तरुण मुले होती. माझ्या वाट्याला कार्यालयातले कपाट आले. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर रंगाने आखून, महत्त्वाचे दप्तर त्या खुणेच्या वरच्या कप्प्यांतच ठेवायचे, असा शाळेचा नियम होता आणि तो चोख पाळलाही गेला होता. परंतु २००५ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५४ फुटांच्या आत राहिली होती, या वेळी ती ५७ फुटांच्या वर गेली, आणि तेवढ्या फरकात वरचे कप्पेही बुडाले.

त्या कप्प्यांत जनरल रजिस्टरे होती, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जात आणि जन्मतारीख एकेका ओळीत नोंदवलेली पुस्तके. शाळा सोडल्याचा दाखला त्यांवरूनच निघतो. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. ज्या घराच्या नावावर कधी जमीनच नव्हती, तिथे आजोबांच्या शाळेतली ही एक ओळ हाच बहुधा सगळ्यात जुना कागद असतो. मदत म्हणून वह्यांचे गठ्ठे इतके आले होते की ते ठेवायला कोरडी जागा उरली नव्हती. टीपकागद मात्र कोणी आणला नव्हता, मीही नाही.

रजिस्टर उन्हात ठेवले की पाने आकसतात, आणि मिटलेलेच वाळू दिले तर ती एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून वीज आल्यावर आम्ही ती पंख्याखाली उघडून ठेवली आणि पानापानांत कोरे कागद घालून, ते भिजले की बदलत राहिलो. दौत-टाकाने लिहिलेली जुनी काळपट अक्षरे बरीच शाबूत होती. नंतरच्या वर्षांची निळी शाई मात्र पसरून गेली होती. जे वाचता येईल ते मी वहीत उतरवत होते. जे वाचता येणार नाही तिथे जागा कोरी सोडायची, अंदाजाने एक वेलांटीसुद्धा भरायची नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती, कारण आडनावातल्या एका वेलांटीवर पडताळणीत वर्ष-वर्ष अडकून पडलेली माणसे त्यांनी पाहिली होती.

एक आजोबा रोज येत. नातवाच्या पडताळणीसाठी त्यांना त्यांच्या वडिलांची नोंद हवी होती, आणि नेमके ते रजिस्टर विटेसारखे घट्ट झाले होते.

"ओढलं तर फाटंल, आजोबा," बाई म्हणाल्या.

"होऊ द्या सावकाश. मी बसतो की."

माझी रजा संपली त्या दिवशी त्या रजिस्टराची जेमतेम अकरा पाने सुटी झाली होती, आणि आजोबा व्हरांड्यात बसलेले होते.