परसातल्या कोंबड्या : जानेवारी ते सप्टेंबर

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. घरामागे लिंबाची दोन झाडं आणि मोकळी जागा. संक्रांत झाल्यावर वनराजाची एक दिवसाची २५ पिल्लं आणली. हैदराबादच्या संशोधन केंद्राची ही जात परसात चांगली टिकते आणि गावरानपेक्षा अंडी जास्त देते, म्हणून तीच ठरवली. पत्र्याचा आडोसा केला, खाली लाकडाचा भुसा, वर दोन बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी कमी करत न्यायची. थर्मामीटर होतं, पण खरं पिल्लांकडे बघूनच कळतं. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोची उघडल्या तर उकडतंय, सगळीकडे पांगून टिपत असली तर बरोबर.

चौथ्या रात्री वीज गेली. मला जाग आली पहाटे पाचला. सगळी पिल्लं एका कोपऱ्यात ढिगाने चढलेली. वरची जिवंत होती, खालची ७ गुदमरून गेली होती. एकेक बाहेर काढताना हात थरथरत होते. त्या दिवसापासून आडोशाचे कोपरे पोत्याने बुजवून टाकले आणि रात्री गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून भुशात ठेवायला लागले. वीज असो नसो.

शेजारच्या आजी बघायला आल्या. म्हणाल्या, "सूनबाई, बल्बाला काय माया कळती का? माझी खुडूक बसलीय, ने तिला." वनराजा सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही, गावरान बसते. आजींनी कोंबडी दिली, सोबत ११ अंडी. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, जुन्यातून पिल्लं कमी निघतात. टोपलीत भुसकट, वर अंडी, त्यावर कोंबडी, आणि अंधारा कोपरा.

सातव्या रात्री आजींनी अंडं हातात धरलं आणि मी मागून मोबाईलची बॅटरी लावली. आत लालसर कोळ्याचं जाळं आणि मधोमध एक काळा ठिपका, तो हलत होता. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. आजींनीच अंडं परत कोंबडीखाली सरकवलं. दोन अंडी आतून नुसती पिवळी दिसली, ती काढून टाकली. २१ व्या दिवशी ९ पिल्लं निघाली आणि एकही दगावलं नाही. कोंबडी त्यांना पंखाखाली घेई, ऊन पडलं की बाहेर काढी, घार दिसली की एक वेगळाच आवाज काढी आणि सगळी क्षणात तिच्या पोटाखाली.

पण खुडूक कोंबडी सगळं करते, लस देत नाही. माझी मोठी चूक इथेच झाली. राणीखेत रोगावरच्या लासोटा लशीची कुपी १०० डोसची मिळाली, माझ्याकडे वनराजाची पिल्लं १८. पाण्यात कालवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते, उरलेली वाया. म्हणून मी पुढे ढकललं. मार्चमध्ये पलीकडच्या गल्लीत मर आली. हिरवी हगवण, मग मान वाकडी. आजी या रोगाला मानमोडी म्हणतात, दवाखान्यात राणीखेत. एका घरात दोन दिवसांत खुराडं रिकामं झालं. त्या बाई ओट्यावर बसून होत्या, त्यांच्याशी काय बोलावं सुचेना.

मग मी आमच्या गल्लीतली पाच घरं फिरले. कोंबड्या दिवसभर एकमेकींच्या उकिरड्यावर चरतात, तेव्हा फक्त माझ्या पाखरांना लस देऊन काय भागणार? सगळ्यांनी पैसे काढले, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली आणि सकाळी ऊन चढायच्या आत प्रत्येक निरोगी पाखराच्या डोळ्यात एकेक थेंब. आजारी पाखरांना लशीचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच रोगाची पुढची लस, आर-टू-बी, आठ आठवड्यांवरच्यांना पंखाखाली टोचून घेतली, ती त्यांनीच टोचली. आमच्या गल्लीत मर आली नाही.

मे महिना फार कठीण गेला. पारा ४३ च्या पुढे. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. माठाचं पाणी चार पसरट भांड्यांत, सावलीत ठेवलं. पश्चिमेच्या बाजूला ओली पोती टांगली, दाणा फक्त पहाटे आणि दिवस मावळताना. तरीही सगळ्यात जड वनराजा कोंबडी एका दुपारी गेली. गावरान मात्र लिंबाखाली खड्डा उकरून मातीत पडून राहायच्या. यापुढे मी गावरानच वाढवणार आहे, अंडी कमी मिळाली तरी चालेल.

एक सोपी युक्ती : गाडग्यात शेण, ओल्या पोत्याचा तुकडा आणि तुराट्यांचा चुरा भरून संध्याकाळी वाळवीच्या जागी पालथं घाला. सकाळी गाडगं वाळवीने भरलेलं असतं. पिल्लं त्यावर तुटून पडतात.

कोंबडे जास्त झाले होते. ८-१० कोंबड्यांमागे एक पुरतो. वनराजातले सात निघाले, त्यांतले सहा विकले. नाहीतर रोज तुऱ्यांना रक्त.

जुलैअखेर वनराजाचं पहिलं अंडं मिळालं. मार्चमधल्या गावरान तलंगांपैकी (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांपैकी) एक गेल्या आठवड्यात अंड्यावर आली. आजींची जुनी कोंबडी परत खुडूक आहे, या वेळी १२ अंड्यांवर. आज नववा दिवस. दोन रात्रींपूर्वी बॅटरी लावून पाहिलं, दहांत जाळं दिसलं. पाचही घरांना सांगून ठेवलंय की पिल्लं निघाली की सातव्या दिवशी सगळ्यांनी मिळून कुपी आणायची. थर्मास माझ्याकडेच आहे.