दाखला न मागता हाती आलेलं व्हायोलिन

"मग गरीब कोण हे ठरवतात कसं?" दादाने फोनवर विचारलं. मी म्हटलं, ठरवतच नाहीत. त्याला ते पटलं नाही. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

विषय होता समोरच्या घरातल्या मुलाला फुकट मिळालेल्या व्हायोलिनचा. आम्ही ग्लासगोच्या गोव्हनहिल भागात राहतो. जुन्या दगडी इमारती, एकेका जिन्यावर तीन-तीन देशांची माणसं. त्या मुलाचे आईवडील पूर्व युरोपातून आलेले. वडील गोदामात रात्रपाळी करतात, आई ऑफिसांची साफसफाई करते. मुलाच्या पाठीवर रोज व्हायोलिन पाहून मी तिला विचारलं, क्लास कुठला, फी किती? फी नाही, म्हणाली. मग निवड कशी झाली, परीक्षा घेतली का? परीक्षाही नाही. शाळेतून फॉर्म आला, तिने सही केली, मुलाला व्हायोलिन मिळालं.

सिस्टेमा स्कॉटलंड नावाच्या संस्थेचा हा उपक्रम. नाव 'बिग नॉइज'. मूळ कल्पना व्हेनेझुएलाची. तिथे होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी 1975 साली वस्तीतल्या मुलांचे वाद्यवृंद उभे करायला सुरुवात केली. स्कॉटलंडमध्ये ती 2008 साली स्टर्लिंगच्या किल्ल्याखालच्या रॅप्लॉक वस्तीत आली. गोव्हनहिलला 2013 मध्ये, पुढे ॲबर्डीनच्या टोरीत आणि डंडीच्या डग्लसमध्ये. सुरुवात झाल्यावर चारच वर्षांनी, जून 2012 मध्ये, नामवंत वाद्यवृंद-संचालक गुस्ताव्हो दुदामेल व्हेनेझुएलाचा सिमोन बोलिव्हार वाद्यवृंद घेऊन रॅप्लॉकला आले, आणि वस्तीतली पोरं त्या वादकांबरोबर उघड्यावर, भर पावसात वाजवायला बसली.

पण मला सांगायचंय ते त्या नियमाबद्दल. ही मंडळी मूल निवडत नाहीत, वस्ती निवडतात. एकदा वस्ती ठरली की तिथल्या शाळेतलं प्रत्येक मूल आत. दुकानदाराचं मूल आणि साफसफाई करणारीचं मूल एकाच रांगेत बसतं, आणि कोण कुणाचं हे वाद्यावरून कळायला मार्ग नसतो. आपल्याकडे सवलत म्हटलं की पहिला प्रश्न उत्पन्नाच्या दाखल्याचा. त्यासाठी तलाठी, सेतू, तहसील, 'साहेब मीटिंगला गेलेत', आणि बुडालेली मजुरी. ज्याला सवलतीची खरी गरज, त्यालाच एक दिवस घरी बसणं परवडत नाही. शिवाय दाखला मिळाला तरी त्या मुलावर शिक्का बसतो तो बसतोच. वर्गात सगळ्यांना ठाऊक असतं, कुणाची फी माफ आहे ते.

दुसरा अडसर त्याहून मोठा, आणि तो आपल्याला अडसर वाटतच नाही. 'गळा आहे का?' 'हातात ताल आहे का?' सहा वर्षांच्या मुलाची अशी चाचणी घेतली तर काय मोजलं जातं? त्याच्या घरात कुणी गातं का, पेटी आहे का, संध्याकाळी त्याच्याजवळ बसायला कुणाला वेळ आहे का. ज्या घरात हे असतं, त्या घरातल्या मुलाला आपण 'उपजत' म्हणतो. इथे चाचणी नसल्यामुळे सुरुवातीला बेसूर भरपूर ऐकावं लागतं. ऐकतात. तेच शिक्षक तीच मुलं वर्षानुवर्षं सांभाळतात.

त्यांचं वाजवणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये गेले, तेव्हा मी वाद्यंच बघत बसले. लहान मुलाला मोठ्यांचं व्हायोलिन पेलत नाही. आधी एक अष्टमांश मापाचं, मग पाव, मग अर्धं, मग पाऊण, असं हाताबरोबर वाद्य बदलत न्यावं लागतं. विकत घ्यायचं तर दर दोन-तीन वर्षांनी नवा खर्च, आणि पालक हमखास तिथेच थकतात. इथे वाद्य संस्थेचं. लहान पडलं की परत द्यायचं, पुढचं माप न्यायचं. पट्टीवर बोटांच्या जागी रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, म्हणजे स्वर शोधायला आधी डोळ्यांची मदत. वाजवायला लागण्याआधी शिक्षिका एकेका मुलाशी गुडघ्यावर बसून खुंट्या पिळत होती. रांग लांबलचक, पण घाई नाही. मुलं व्हायोलिन काखेत धरून, गज खाली करून उभी होती. आपल्याआधीचा थांबल्याशिवाय आपण सुरू व्हायचं नाही, एवढं शिकायलाच त्यांना कितीतरी महिने लागले असतील.

पाश्चात्त्य वाद्यवृंदच का, असं काही जण विचारतात. मलाही वाटतं की इथल्या स्थलांतरित घरांतलं संगीत जरा जास्त ऐकू यावं. पण चाळीस मुलांना एकदम, एकाच दिवशी, सामील करून घेणारी रचना म्हणून वाद्यवृंदाला तोड नाही. ज्याला बोट न दाबता एकच उघडी तार वाजवता येते, त्यालाही तिथे काम असतं.

माझी मुलगी दुसऱ्या भागातल्या शाळेत चेलो शिकते, तेही विनामूल्य. सरकारी शाळांतल्या वाद्यशिक्षणाची फी स्कॉटलंडने 2021 पासून बंद केली. त्याआधी प्रत्येक स्थानिक परिषदेचा दर वेगळा, काही ठिकाणी वर्षाला 500 पौंडांच्या वर. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी पालक आजही पैसे मोजतात. 'तुम्हाला परवडतं, मग तुम्ही फुकट का घेता?' असं वहिनीने विचारलं, आणि तो प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की आम्ही इथे कर भरतो, आणि परवडणाऱ्यांनी बाहेर क्लास लावला की शाळेतला वर्ग 'गरिबांचा वर्ग' होतो. मग पुढच्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी भांडायला कुणी उरत नाही. माझी मुलगी त्या वर्गात असणं मला योग्यच वाटतं.

आपल्याकडे हे नव्हतंच, असं मात्र कुणी म्हणू नये. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या आश्रयाने नव्हे, लोकांच्या बळावर. शिक्षक व्हायला तयार असलेल्या विद्यार्थ्यांना विद्येबरोबर राहणं-जेवणही तिथेच. घराण्याच्या बंद दाराआडची विद्या त्यांनी चारचौघांत आणली, ती सुद्धा व्हेनेझुएलाच्या पाऊणशे वर्षं आधी. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत गेली, याचं वाईट वाटतं. आळंदीत जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तिथे शेतकऱ्यांची पोरं गायन-पखवाज शिकत आली आहेत. ढोल-ताशा पथकात वस्तीतला पोरगा आणि आयटीतला इंजिनिअर एकाच ठेक्यावर असतो. इथल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा माझा आवाज जरा चढतोच.

पण मग दहावीचे सवलतीचे गुण आठवतात. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्यांना बोर्ड वाढीव गुण देतं. कलेची कदर म्हणून चांगलंच आहे. लोककलेलाही त्यात जागा दिली, ते आणखी चांगलं. तरी तबल्याच्या परीक्षेला बसायला आधी तबला लागतो, क्लास लागतो, आणि जिथे क्लासच नाही त्या गावातल्या मुलीला ते गुण कोण देणार? गुण शेवटी आहेत, वाद्य सुरुवातीला हवं होतं.

'तिकडे पैसा आहे,' हे दादाचं ठरलेलं वाक्य. आहे, पण निर्धास्त नाही. 2023 साली ॲबर्डीनच्या परिषदेने टोरीच्या उपक्रमाचा निधी बंद केला आणि तो वाचवायला स्कॉटिश सरकारला मध्ये पडावं लागलं. इथल्या पालकांनाही निधी टिकावा म्हणून निवेदनाचा कागद हातात घेऊन उभं राहावं लागतं.

म्हणून मी दादाला साधी गोष्ट सुचवली. माझी पेटी आणि तबल्याची जोडी त्याच्या माळ्यावर पडून आहे, ती शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला दे. मुलांना आळीपाळीने घरी नेता येईल अशा बोलीवर, कपाटात कुलूप लावून ठेवायला नाही. तो लगेच म्हणाला, "आणि फुटली तर भरून कोण देणार?" शाळेतली वाद्यं कपाटात का राहतात, ते या एका प्रश्नात आहे. मोडलं तर जबाबदारी गुरुजींची, म्हणून कुणी बाहेरच काढत नाही. इथे दुरुस्तीचा खर्च संस्था आधीच धरून चालते, आणि मुलाच्या हातून तार तुटली तर त्याला कुणी रागावत नाही.

पेटीचा भाता, तबल्याची शाई, पुडी, जे काही जाईल त्याचा खर्च दर वर्षी मी पाठवीन, असं मी लिहून दिलंय. मुख्याध्यापक बाईंनी विचारलंय, वाद्यं नेणाऱ्या मुलांच्या पालकांचं हमीपत्र घ्यायचं का. नको, असं मी कळवलंय.