एको लवकर का विरत होता

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत युरोपियम मिसळलेल्या यट्रियम सिलिकेटच्या स्फटिकावर काम चालतं. दर हजार यट्रियममागे एक युरोपियम. ५८० नॅनोमीटरच्या पिवळ्या लेसरचे दोन स्पंद सोडायचे, आणि थोड्या वेळानं स्फटिक आपणहून जो प्रकाश परत देतो तो फोटॉन एको मोजायचा. स्पंदांमधलं अंतर वाढवलं की एको क्षीण होत जातो. किती लवकर, त्यावरून क्युबिट (क्वांटम संगणकातला माहितीचा एकक, इथे युरोपियमच्या आयनांचा) किती तग धरेल ते कळतं. याच स्फटिकात १९९४ साली प्रकाश शोषण्याच्या रेषेची रुंदी (ती जितकी कमी तितका एको जास्त टिकतो) अवघी १२२ हर्ट्झ मोजली गेली, म्हणजे अडीच मिलिसेकंदांहून जास्त टिकाव. आमचा एको त्या दिवशी त्याच्या निम्माही टिकेना.

पहिला संशय कंपनांवर. ठाणे-बेलापूर रस्त्यावर अवजड गाड्यांची ये-जा, शिवाय स्फटिक थंड ठेवणारा आमचा क्रायोस्टॅटच धडधडतो. स्फटिकाला जरासा ताण बसला तरी युरोपियमचे आयन ज्या फ्रीक्वेन्सीचा प्रकाश शोषतात ती सरकते. तंत्रज्ञ काकांनी स्पंद दोन धडधडींमधल्या शांत वेळेत बसवून दिले. फरक नाही. तापमान? फोननांचा, म्हणजे स्फटिकातल्या उष्णतेच्या कंपनांचा, त्रास इथे तापमानाच्या सातव्या घातानं वाढतो, ४ केल्व्हिनचे ५ झाले तर जवळजवळ पाचपट. पण तापमान जागचं हललं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "दुसरा स्पंद निम्म्या ताकदीनं सोडून बघ गं."

एको फिका झाला, पण विरायला जास्त वेळ घेऊ लागला! मग आम्ही दोन स्पंदांच्या मधे तिसरा सोडला, वेगळ्या फ्रीक्वेन्सीचा, आमचे आयन जो शोषूच शकत नाहीत, पण युरोपियमचे दुसरे आयन शोषतात असा. एको पुन्हा खचला. तिसरा बंद केला, एको परत आला. मी ते कितीतरी वेळा करून पाहिलं, मन भरेना.

युरोपियमचा आयन उत्तेजित झाला की त्याचा विद्युत द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांची मांडणी) बदलतो आणि शेजारच्या आयनांची फ्रीक्वेन्सी सरकते. पहिल्या स्पंदानं झालेला सरक शेवटपर्यंत सारखाच राहतो, म्हणून एकोत तो भरून निघतो. दुसऱ्यानं झालेला मधेच येतो, तो भरून निघत नाही. लेसर जितका प्रखर, तितके जास्त आयन उत्तेजित आणि तितकी जास्त गडबड.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की हा परिणाम मुळापासून काढून टाकताच येत नाही. एका आयनानं दुसऱ्याची फ्रीक्वेन्सी सरकवून त्याला लेसरशी जुळेनासं करणं, यावरच तर दोन क्युबिटांचं गेट, म्हणजे त्यांच्यातली गणनेची पायरी, उभं राहतं. स्वीडनमधल्या लुंडच्या गटानं २००२ साली तेच मांडलं. म्हणून नको असलेले आयन आधी लेसरनं दुसऱ्या पातळ्यांवर हलवून आम्ही भोवतालच्या फ्रीक्वेन्सी रिकाम्या करतो, मधे आयनांचा एक अरुंद समूह ठेवतो, म्हणजे गडबड कमी होते.

उरतो तो यट्रियमच्या केंद्रकांचा चुंबकीय गोंधळ. निसर्गात यट्रियमचा समस्थानिक एकच, ८९, आणि त्याच्या केंद्रकाला स्पिन, म्हणजे छोट्या चुंबकासारखा गुण, आहेच; शुद्ध करून तो टाळता येत नाही. त्यासाठी चुंबकीय क्षेत्राची दिशा जुळवण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे.