आज्जीच्या ओवीचा म्युझिक व्हिडिओ, त्याचं पोस्टर आणि मूल्यमापन लिहिताना आलेला माझा अनुभव

मीडियाच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला आम्हाला एक मोठा प्रोजेक्ट असतो, चौघांचा ग्रुप, तीन-चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करायचा, त्याच्या जोडीला पोस्टर, अल्बम कव्हर आणि तीस सेकंदांची एक रील, आणि हे सगळं झाल्यावर प्रत्येकानं आपलं आपलं मूल्यमापन लिहायचं, दोन हजार शब्दांत. व्हिडिओ करताना मजा येते त्यामुळं तिथं सगळे जीव तोडून काम करतात आणि मूल्यमापन म्हणजे शेवटच्या रात्री काहीतरी भरून द्यायचं असं बहुतेकांचं असतं, माझंही तसंच होतं. पण मला या सगळ्या प्रोजेक्टमधे खरं काय कळलं असेल तर ते त्या दोन हजार शब्दांत कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाणं म्हणजे माझ्या आज्जीची जात्यावरची ओवी. आज्जी बेळगावजवळच्या येळ्ळूरला राहते, राजहंसगडाच्या पायथ्याशीच, आणि घरात जातं अजून आहे, वापरात नाही पण आहे. एडिटिंग करणारा आमचा मित्र बीट बनवतो, तो म्हणाला आज्जीच्या आवाजाखाली बीट टाकूया, भारी होईल. ओवी कुणा एकाची नसते, ती आईकडनं लेकीकडं येते, त्यामुळं गाण्याच्या हक्काचा प्रश्न नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण मॅडमनी लगेच सांगितलं की ओवी सगळ्यांची असली तरी हे गाणं आज्जीनं गायलंय, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो, 50 वर्षांचा, तेव्हा तिची लेखी परवानगी घ्या. मग कागद घेऊन गेलो. आज्जी म्हणाली, "सही कशाला गे, मी काय पळून जातेय व्हय?" आणि चष्मा लावून सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

शूटिंगमधे पहिलाच घोळ असा झाला की आज्जीला लिपसिंक, म्हणजे लावलेल्या रेकॉर्डिंगवर ओठ हलवणं, जमेना. म्हणजे तिला जमत नव्हतं असं नाही, ओवी दोनदा एकसारखी म्हणतच नाहीत हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. स्पीकरवर तिचंच रेकॉर्डिंग लावलं तर ती दुसऱ्या ओळीला वेगळीकडंच वळायची, मधेच जात्यात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घालायला थांबायची आणि आवाज तिथं लांबवायची. शेवटी तोंडाचे क्लोजअप सोडून दिले आणि हात घेतले, खुंट्यावरचा हात, पीठ गोळा करणारा हात, बांगड्या. हे नाइलाजानं झालं आणि आज पूर्ण व्हिडिओत तेवढंच बघावंसं वाटतं.

बाकी अर्धा व्हिडिओ आम्ही आमच्या डोक्यानं भरला. ओवीत बहीण म्हणते की सणाला भाऊ न्यायला येणार, वाटेकडं डोळे लागलेत. म्हणून आम्ही भाऊ दाखवला. बुलेटवरनं येणारा, गळ्यात हेडफोन, मागं गड, संध्याकाळचं केशरी आभाळ. ड्रोन शॉटही घ्यायचा होता पण एकीकडं सांबऱ्याचं विमानतळ, एकीकडं कॅन्टोन्मेंट, परवानगीच्या भानगडीत पडायला नको म्हणून गडाच्या बुरजावरनंच शॉट घेतला. पोस्टरवर अर्थातच तोच बुलेटवाला, तोच गड, तेच आभाळ, कारण तो फोटो सगळ्यात भारी आला होता. कव्हरवर पण तोच.

मग मूल्यमापन लिहायला बसले. मॅडमनी नमुना दिला होता, ब्रिटनमधे ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, मीडिया स्टडीजला पूर्वी मुलांना म्युझिक व्हिडिओ, सीडीचं कव्हर आणि मासिकातली जाहिरात असं एकत्र करायला लागायचं आणि नंतर चार प्रश्नांची उत्तरं लिहायला लागायची. तुमच्या कामानं त्या प्रकारातले संकेत कुठं पाळले, कुठं पुढं नेले, कुठं मोडले? मुख्य व्हिडिओ आणि प्रचाराचं साहित्य एकत्र कितपत काम करतं? प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेतनं काय शिकलात? तंत्रज्ञान कुठल्या टप्प्याला कसं वापरलं? हेच चार प्रश्न आम्हालाही. मी एका रात्रीत लिहून काढलं. आम्ही खूप मेहनत घेतली, लोकेशन अप्रतिम, पोस्टर आकर्षक, सगळ्यांना व्हिडिओ खूप आवडला, परंपरा आणि आधुनिकतेचा संगम, असलं सगळं.

मॅडमनी तो कागद परत दिला. एकही वाक्य खोडलेलं नव्हतं, फक्त समासात पेन्सिलनं एकच शब्द लिहिलेला, "कशावरून?" पोस्टर आकर्षक, कशावरून? सगळ्यांना आवडला, कशावरून? मी मोजले, अकरा वेळा. मला रडूच आलं खरं सांगायचं तर, आणि रागही आला. त्या एवढंच म्हणाल्या, "तू कौतुक लिहिलंयस. निर्णय लिही. काय ठरवलंत, का ठरवलंत आणि बघणाऱ्याला त्यातनं काय पोचलं." बारा दिवस हातात होते.

आधी आम्ही प्रतिक्रिया म्हणजे गूगल फॉर्म केला होता, "व्हिडिओ आवडला का?" आणि चाळीस जणांनी पाच स्टार दिले होते, सगळे ओळखीचेच. ते बाजूला ठेवलं. यावेळी वेगळं केलं, दहा जणांना फक्त पोस्टर दाखवलं, व्हिडिओ नाही, आणि विचारलं हे कसलं गाणं असेल सांग. दुसऱ्या दहा जणांना फक्त व्हिडिओ दाखवला, पोस्टर नाही, आणि विचारलं याचं पोस्टर तू केलंस तर त्यावर काय ठेवशील. ज्यांना माहीत नव्हतं अशांनाच घेतलं, दुसऱ्या डिपार्टमेंटची मुलं, कॅन्टीनमधले दोघं, टिळकवाडीतल्या झेरॉक्सवाल्या काकू.

पोस्टर बघून दहापैकी सहा जण म्हणाले शिवजयंतीचं डीजे गाणं. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की आपल्या बेळगावात गड आणि मागं केशरी आभाळ म्हटलं की दुसरं काय येणार डोक्यात, इथली शिवजयंती, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, प्रत्येक गल्लीच्या बॅनरवर असंच आभाळ असतं. तिघं म्हणाले बाईकवाल्याचं लव्ह साँग. एकानं हेडफोन बघून रॅप म्हटलं. आज्जी, जातं, ओवी, बहीण यातलं एकही कुणी बोललं नाही. आणि व्हिडिओ बघितलेल्या दहापैकी आठ जणांनी पोस्टरवर काय ठेवाल याला एकच उत्तर दिलं, आज्जीचे हात. झेरॉक्सवाल्या काकू तर म्हणाल्या, "खुंट्यावरचा हात ठेव आणि लिही काहीतरी मोठ्या अक्षरात, बास."

माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल याचं एन्कोडिंग-डीकोडिंग आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं, 1973 चं, की करणारा एक अर्थ भरतो आणि बघणारा आपल्या जागेवरनं तो उलगडतो, कधी तसाच, कधी थोडा बदलून, कधी पूर्ण उलटा. ते पाठ होतं पण ते आपल्याच पोस्टरला लागू पडतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पोस्टर चांगलं होतं, फक्त ते दुसऱ्याच गाण्याचं पोस्टर होतं.

दुसरी गोष्ट आज्जीनं सांगितली. तिला पूर्ण व्हिडिओ मोबाईलवर दाखवला, तिनं शांतपणे बघितला आणि बुलेटवाला आल्यावर विचारलं, "ह्यो कोण?" मी म्हटलं, "भाऊ, ओवीतला." ती म्हणाली, "अगं, भाऊ येतोय म्हणून कोण ओवी म्हणतंय व्हय? येत न्हाई म्हणून म्हणायची. आला तर जातं सोडून उठेल की ती." मी गप्पच झाले. म्युझिक व्हिडिओंचा अभ्यास करणाऱ्या अँड्र्यू गुडविननं म्हटलंय की व्हिडिओतली दृश्यं गाण्याच्या शब्दांशी तीन तऱ्हेनं वागतात, शब्द आहेत तेच दाखवतात, शब्दांत नसलेलं काही त्यात भरून अर्थ वाढवतात, नाहीतर शब्दांशी फारकत घेतात. आम्ही पहिली तऱ्हा निवडली होती आणि तीही न विचारता, शब्दात भाऊ आहे म्हणून पडद्यावर भाऊ. त्यामुळं ओवीतली वाट बघणं संपूनच गेलं. त्या रात्री एडिट परत उघडलं, बुलेटचे नऊ शॉट होते त्यातले सात काढले, दोन ठेवले तेही लांबचे, गाडी दिसते आणि वळणावरनं दुसरीकडं जाते. उरलेल्या जागी येळ्ळूरचा रिकामा रस्ता. एडिटर मित्राला फार वाईट वाटलं, बुलेट त्याच्या काकांकडनं मिन्नतवारी करून आणलेली, पण बघितल्यावर तोच म्हणाला की आता बरोबर बसलंय.

तिसरी गोष्ट भाषेची. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण बैलहोंगलची, घरी कन्नड, मराठी समजतं पण ओवीतलं जुनं मराठी नाही समजत. वर्गातली अर्धी मुलं तशीच. तिनं पहिल्या मीटिंगलाच विचारलं होतं की कन्नड सबटायटल टाकूया का, आणि आम्ही वेळ नाही म्हणून सोडून दिलं होतं. आता प्रतिक्रिया घेताना कन्नड मुलांनी लिहिलं, आवाज आवडला, विषय कळला नाही. मग मैत्रिणीनंच बसून अनुवाद केला आणि करता करता म्हणाली, "हे तर आमच्याकडचं बीसोकल्लिन पद आहे गे, माझी मावशी म्हणते." जात्याला बीसोकल्लु, त्यावरचं गाणं ते बीसोकल्लिन पद, आणि त्यातही माहेर आणि भाऊ. आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसतोय आणि हे कधी बोलणंच झालं नव्हतं. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या वेबसाइटवर हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, एक लाखाहून जास्त ओव्या, ते मी संदर्भ म्हणून आधीच वाचलं होतं. पण शेजारची मैत्रीण काय गाते ते विचारलं नव्हतं, हेही मूल्यमापनात लिहिलं, लपवलं नाही.

नवीन पोस्टर केलं ते असं, आज्जीचा हात, खुंटा, काळी पार्श्वभूमी, नाव मराठीत आणि कन्नडमधे सारख्याच आकारात. इथं तंत्रज्ञानाचा त्रास भरपूर झाला तो थोडक्यात सांगते कारण पुढच्यांना उपयोग होईल. आमच्या फोटोशॉपमधे भारतीय लिप्यांची सेटिंग चालू केल्याशिवाय ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसत होती आणि जोडाक्षरं फुटत होती, कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडून येणारी अक्षरं, पण फुटले. पहिल्या पोस्टरचं केशरी स्क्रीनवर पेटलेलं दिसायचं आणि ए-थ्री छापल्यावर विटकरी झालं होतं, कारण स्क्रीन आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची, आणि छपाई सीएमवायके, म्हणजे चार रंगांच्या शाईची, प्रेसवाल्या दादांनी सांगितलं की आधी एक प्रूफ काढत जा गे. यूट्यूबच्या थंबनेलवर आम्ही कन्नड नाव खाली उजवीकडं ठेवलं, तिथंच व्हिडिओची वेळ येते, नाव निम्मं झाकलं गेलं. आणि मोबाईलवर शूट केलेलं फुटेज एकसारख्या फ्रेमरेटचं नसतं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते कमीजास्त होत राहतं, त्यामुळं दुसऱ्या कडव्यापासून आवाज आणि हात सुटत गेले, नंतर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधनं सगळ्या क्लिप्स 25 फ्रेमवर पक्क्या केल्या तेव्हा बऱ्यापैकी जुळलं. एका ठिकाणी, 2:14 ला, अजून सुटलेलंच आहे, तिथं आज्जी वैरण घालायला थांबते आणि बीट थांबत नाही. ते दुरुस्त करायचं म्हणजे आज्जीचा आवाज ओढायला लागला असता, करून बघितलं, ती म्हणाली, "मी अशी म्हणतच न्हाई." मग सोडून दिलं, आणि का सोडलं ते टाइमकोडसकट लिहिलं.

मूल्यमापन परत लिहिताना मी प्रत्येक परिच्छेदासाठी तीन गोष्टी समोर ठेवल्या, जुन्या पोस्टरचा फोटो, त्यावर लोक काय बोलले ते जसंच्या तसं, आणि बदललेलं पोस्टर. विशेषणं आपोआप गळाली. नवीन पोस्टर परत दहा नवीन जणांना दाखवलं, सात जणांनी जातं, ओवी किंवा म्हातारी असं काहीतरी सांगितलं, दोघांनी आटाचक्कीची जाहिरात म्हटलं, तेही लिहिलं. एकाला काहीच कळलं नाही, तेही.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे सर आले होते. त्यांनी व्हिडिओबद्दल फार विचारलं नाही, दोन्ही पोस्टर टेबलावर शेजारी ठेवायला सांगितली आणि म्हणाले, "पहिलं जास्त देखणं आहे, का टाकलंत?" मी जरा घाबरत म्हटलं, "सर, ते आमचं होतं, आज्जीचं नव्हतं." मग आकडे सांगितले, झेरॉक्सवाल्या काकूंचं वाक्य सांगितलं, भाऊ येत नाही म्हणून म्हणायची ते सांगितलं. सर 2:14 वर पण थांबले आणि परत लावून बघितलं. मूल्यमापनाला 25 पैकी 22 मिळाले, व्हिडिओला त्यापेक्षा कमी टक्के, आणि मला ते योग्य वाटतं.

बैलहोंगलच्या मैत्रिणीनं मावशीला फोन लावलाय, तिचं पद रेकॉर्ड करायचं ठरलंय. मावशी म्हणाल्या जातं माळ्यावर आहे, उतरवायला दोन धट्टी माणसं घेऊन या, आणि पोस्टरला माझा फोटो लावायच्या आधी मला दाखवा.